योग आणि पिलाटीस स्टुडिओसाठी व्यवस्थापन सॉफ्टवेअर कसे निवडावे?

कोथरूड_स्टुडिओ यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यात कोथरूड आणि बाणेर अशा दोन ठिकाणी आम्ही योग व पिलाटीसचे वर्ग चालवतो. दोन्ही शाखा मिळून साधारण तीनशे सभासद आहेत. योगाच्या बॅचेस ठरलेल्या वेळी भरतात. बाणेरला मात्र आठच रिफॉर्मर (पिलाटीसचे व्यायामयंत्र) असल्यामुळे पिलाटीसच्या प्रत्येक वर्गाची जागा आधी राखून ठेवावी लागते. आजवर हजेरीचे रजिस्टर, फीसाठी एक्सेल आणि सूचनांसाठी व्हॉट्सॲपचे ग्रुप एवढ्यावर काम भागत होते. दुसरी शाखा सुरू झाल्यापासून कोणाची मुदत कधी संपते, पैसे कोणत्या शाखेत भरले आणि दहा वर्गांच्या पॅकमधले किती वर्ग उरले, हे सांगण्यासाठी फ्रंट डेस्कवरील व्यक्तीला तीन ठिकाणी शोधावे लागते.

माइंडबॉडी आणि ग्लोफॉक्स ही परदेशी सॉफ्टवेअर मी पाहिली. झेनोटीची सुरुवात हैदराबादची असली तरी तिचा भर सलून आणि स्पा यांच्यावर अधिक आहे असे मला वाटले. याखेरीज जिमसाठी बनवलेली काही भारतीय सॉफ्टवेअरही पाहण्यात आली. डेमोमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर उत्तम दिसते, त्यामुळे नेमके काय तपासावे हेच कळेनासे झाले आहे. जीएसटी, मेंबरशिप फ्रीज करणे (काही दिवस थांबवून तेवढी मुदत वाढवणे) आणि सभासदांची आरोग्यविषयक माहिती या तीन बाबींची मला विशेष काळजी आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाशिककर_जिम

ताई, सॉफ्टवेअरची नावे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी आपल्या स्टुडिओचे नियम कागदावर उतरवून काढा, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक ठिकाणी हे नियम मालकाच्या आणि फ्रंट डेस्कच्या डोक्यात असतात. फ्रीज जास्तीत जास्त किती दिवसांचे, वर्षातून किती वेळा, मागच्या तारखेपासून देता येते की नाही, पॅकची मुदत पहिल्या वर्गापासून मोजायची की पैसे भरल्याच्या दिवसापासून, वर्ग किती तास आधी रद्द केला तर पॅकमधून वजा करायचा नाही, कोथरूडच्या सभासदाने बाणेरला वर्ग केला तर काय, या प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील तर विक्रेता त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जे जमते तेच आपले धोरण म्हणून बसवून देतो. पुढे वर्षभर सभासदांची समजूत काढत बसावे लागते ते आपल्याला.

डेमो विक्रेत्याने तयार केलेल्या माहितीवर पाहू नका. चाचणीचे खाते मागा आणि आपल्याकडची सर्वांत गुंतागुंतीची प्रकरणे त्यात स्वतः भरा. एक उदाहरण देतो. १ जून २०२५ ते ३१ मे २०२६ अशी वार्षिक मेंबरशिप घेतलेला सभासद गणपतीला कोकणात गेला, म्हणून २५ ऑगस्ट ते १० सप्टेंबर असे १७ दिवस फ्रीज दिले. नवी मुदत १७ जून २०२६ यायला हवी. आता तोच सभासद ५ सप्टेंबरलाच परतला आणि ६ तारखेला वर्गाला आला, तर सॉफ्टवेअर त्याला दारात अडवते, की हजेरी लावून घेऊन उरलेले फ्रीज आपोआप रद्द करते आणि मुदत १२ जूनवर आणते? आणि हा बदल कोणी, कधी केला याची नोंद राहते का? अनेक सॉफ्टवेअरमध्ये शेवटची तारीख हाताने बदलण्याची सोय तेवढी असते. ती सोय म्हणजे फ्रीज नव्हे, कारण तारीख का बदलली हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

आठ रिफॉर्मर आहेत म्हटल्यावर प्रतीक्षायादी फार बारकाईने पाहा. सकाळी सहाच्या वर्गातील जागा रात्री साडेदहाला रिकामी झाली आणि यादीतील पहिल्या सभासदाला ती आपोआप मिळाली, तर तो बहुधा झोपलेला असतो. सकाळी रिफॉर्मर रिकामा राहतो आणि न आल्याबद्दल त्याच्याच पॅकमधून वर्ग कापला जातो. ठरावीक वेळेनंतर जागा आपोआप न देता सर्वांना संदेश जाऊन जो आधी होकार देईल त्याला ती मिळावी, अशी व्यवस्था काही सॉफ्टवेअरमध्ये असते. आपल्यासाठी ती अत्यावश्यक आहे. बायोमेट्रिक हजेरी, गेट वगैरे गोष्टी मोठ्या जिमला लागतात. आपल्या आकाराच्या स्टुडिओला मोबाइलवर हजेरी लावणे पुरेसे आहे.

करसल्लागार_ठाणे

जीएसटीपुरते लिहितो. जिम, योग आदी सेवांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, परंतु इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करता येत नाही). १८ टक्के लावून क्रेडिट घेण्याचा पर्याय उरलेला नाही. याचा सॉफ्टवेअर खरेदीशी थेट संबंध असा, की सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर आपण जो १८ टक्के जीएसटी भराल, तो आता परत मिळत नाही आणि संपूर्ण खर्चात जातो. म्हणून दरांची तुलना नेहमी करासहित करावी. विक्रेता परदेशी असेल आणि आपली नोंदणी असेल, तर रिव्हर्स चार्जखाली (विक्रेत्याऐवजी ग्राहकाने कर भरण्याची पद्धत) तो कर आपल्यालाच, क्रेडिट न वापरता, भरावा लागतो, हे डेमोत कोणी सांगत नाही. (सेवा पुरवणाऱ्यांना सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते, दोन शाखांची उलाढाल एकत्र धरली जाते.)

सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कराचा दर तारखेनुसार जतन होतो का. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ टक्क्यांनी दिलेल्या बिलाची प्रत आज काढली तर त्यावर ५ टक्के दिसता कामा नये, आणि त्या मेंबरशिपचा काही भाग परत करायचा झाल्यास क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) मूळ १८ टक्क्यांनीच निघाली पाहिजे. दुसरी, वार्षिक फी एकरकमी घेतली की त्यावरील संपूर्ण कर त्याच महिन्यात देय होतो, कारण सेवांच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो. उत्पन्न मात्र बारा महिन्यांत विभागून पाहायचे असते. हे दोन्ही अहवाल वेगवेगळे निघाले पाहिजेत. ‘या महिन्याची जमा’ एवढाच आकडा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे जानेवारीत स्टुडिओ भरभराटीला आल्यासारखा वाटतो आणि मे महिन्यात शिक्षकांचे मानधन द्यायला पैसे नसतात. तिसरी, योगा मॅट, ग्रिपचे मोजे यांसारख्या वस्तू विकत असाल तर त्या बिलात वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या कोडने आल्या पाहिजेत, कारण त्यांच्या खरेदीवरील क्रेडिटचा हिशेब सेवेपेक्षा वेगळा असतो. फिटनेस सेवांसाठी सॅक कोड (जीएसटीतील सेवांचा वर्गीकरण क्रमांक) ९९९७२३ आहे.

योगशिक्षिका_डोंबिवली

ताई, आरोग्यविषयक माहितीबद्दल आपण विचारले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या विषयाकडे फार कमी जण लक्ष देतात. सभासद आपल्याला स्लिप डिस्क, रक्तदाब, गरोदरपण अशा गोष्टी विश्वासाने सांगतात. वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला ही टीप वर्गाआधी दिसलीच पाहिजे, पण तिला सभासदाचा फोन नंबर आणि फीची थकबाकी दिसण्याचे कारण नाही. उलट फ्रंट डेस्कला नंबर आणि थकबाकी हवी, आरोग्याची टीप नको. भूमिकेनुसार असे वेगवेगळे अधिकार देता येतात का, हे चाचणीच्या खात्यात दोन निरनिराळ्या लॉगिनने आत जाऊन पाहा. ‘ॲडमिन’ आणि ‘स्टाफ’ एवढे दोनच प्रकार असतील तर ते अपुरे आहेत.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संमती कधी व कशासाठी घेतली याची नोंद, सभासदाने मागितल्यास माहिती काढून टाकण्याची सोय आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, या गोष्टी आजच विक्रेत्याला लेखी विचारून ठेवा. उन्हाळ्यात लहान मुलांची शिबिरे घेत असाल तर शेवटचा मुद्दा आपल्याला नक्की लागेल.

माझी एक बॅच ऑनलाइन आहे आणि तीत न्यू जर्सीच्या काही मराठी भगिनी असतात. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा त्यांच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे मागे जातात, तेव्हा सॉफ्टवेअरने त्यांना त्यांच्या स्थानिक वेळेनुसारच आठवण पाठवली पाहिजे. परदेशी सॉफ्टवेअर या बाबतीत सरस ठरतात, हे मान्य करायला हवे. आपला ऑनलाइन वर्ग नसेल तर या मुद्द्यावर जास्तीचे पैसे घालवू नका.

कोथरूड_स्टुडिओ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियम लिहायला घेतले आहेत आणि फ्रीजच्या बाबतीत आमच्या दोन शाखांत दोन वेगळ्या पद्धती चालू आहेत हे आत्ताच लक्षात आले. आणखी दोन शंका आहेत. मासिक फी यूपीआय ऑटोपेने घ्यावी का? आणि जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये कशी न्यावी?

नाशिककर_जिम

ऑटोपे जरूर घ्या, पण सभासदाने आधी मंजुरी दिल्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचीच रक्कम दर वेळी पिन न टाकता वळती होते आणि त्याच्या किमान २४ तास आधी सभासदाला सूचना जाते, हे लक्षात असू द्या. आपली मासिक फी या मर्यादेत सहज बसेल. सभासद आपल्या ॲपमधून मंजुरी केव्हाही रद्द करू शकतो. तसे झाल्यास सॉफ्टवेअरने त्याच दिवशी आपल्याला कळवले पाहिजे. फ्रीज असलेल्या महिन्यात पैसे वळते होणार नाहीत याचीही खात्री करून घ्या, कारण न आलेल्या महिन्याची फी कापली गेली की सभासद दुखावतो. अनेक परदेशी सॉफ्टवेअर स्वतःच्याच पेमेंट व्यवस्थेवर बेतलेली असतात आणि त्यांत ऑटोपे बसत नाही, तेव्हा हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. उत्तर नकारार्थी आले तर पुढचा डेमो पाहण्याची गरजच नाही.

माहिती नेताना जुने सगळे आत भरण्याचा मोह टाळावा. चालू सभासद, त्यांची मुदत, पॅकमधले शिल्लक वर्ग आणि थकबाकी एवढेच न्या, तेही महिन्याच्या एक तारखेला आणि प्रवेशांची गर्दी नसलेल्या महिन्यात. शिल्लक वर्गांचा आकडा प्रत्येक सभासदाला संदेशाने कळवून त्याची खात्री करून घ्या. तक्रारी असतील तर त्या पहिल्याच आठवड्यात निघतील. करार करताना मात्र उलट दिशेचा विचार करा: उद्या सॉफ्टवेअर सोडले तर सभासद, बिले, हजेरी आणि फ्रीजचा इतिहास एक्सेलमध्ये उघडता येईल अशा स्वरूपात, जादा शुल्काशिवाय आणि किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे कोथरूडची जुनी रजिस्टरे आणि एक्सेलच्या फायलीही इतक्यात काढून टाकू नका.