सर्जनशीलता: विज्ञानातली आणि कलेतली एकच का?

रेघोट्या (धागाकर्ता):
विज्ञान म्हणजे आकडेमोड आणि कला म्हणजे प्रतिभा, ही वाटणी मला पटत नाही. १६०९च्या उन्हाळ्यात टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून रेखाटला. उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी दिसतेय, हे त्याने टिपलं, पण डोंगर काही काढले नाहीत. काही महिन्यांनी गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला. तो चित्रकला शिकलेला, छायाप्रकाशाची जाण असलेला. त्याला त्या डागांत सावल्या दिसल्या, म्हणजे डोंगर दिसले. त्यांची उंचीही त्याने काढली. यात कला कुठे संपली आणि विज्ञान कुठे सुरू झालं?

त्रिज्या:
असहमत. गॅलिलिओचं पुस्तक १६१०मध्ये आलं आणि मग हॅरियटच्या चित्रांतही विवरं उमटली. डोंगर तिथे होतेच, आज ना उद्या कुणाला तरी दिसलेच असते. उत्क्रांती कशी होते हे सांगणारी नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विन आणि वॉलेस दोघांनाही स्वतंत्रपणे सुचली. बीथोवन जन्मलाच नसता, तर नववी सिंफनी दुसऱ्या कुणाला सुचली असती का?

उगाच_एक:
त्रिज्या यांना +१. (धागा छान, पण हा वाद शंभरीला जाणार.)

अनुष्टुभ:
दोन्ही क्षेत्रांत सुचण्याइतकंच टाकून देणंही महत्त्वाचं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मंगळाची कक्षा वर्तुळावर आधारून मांडली. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदींशी फरक पडला ८ कलांचा (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. तेवढ्यावरून त्याने अख्खी मांडणी मोडीत काढली. शार्दूलविक्रीडित वृत्तात लिहिणारा कवी वेगळं काय करतो? ओळ कितीही आवडली, तरी १९ अक्षरांत बसेना की गेली.

त्रिज्या:
अहो, कवीला वृत्त बदलता येतं, मुक्तछंदही लिहिता येतो. केप्लरला मंगळ बदलता येत नव्हता! सगळा फरक इथेच आहे.

रेघोट्या:
फरक आहे, मान्य. पण नोंदींनी केप्लरला फक्त 'हे नाही' एवढंच सांगितलं. वर्तुळ गेल्यावर त्याने अंडाकृती करून पाहिली, तीही जमली नाही. लंबवर्तुळ टायकोच्या वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते केप्लरला सुचावंच लागलं, आणि त्या सुचण्याला तुम्ही कलेपेक्षा वेगळं नाव कशाच्या आधारावर देता, ते सांगा.