काजू बी गावातच संस्था काढून विकली, तर खरंच चार पैसे जास्त सुटतात का?

बागायत_कुडाळ
आमच्या गावात बावीस बागायतदार आहेत. कलमं बहुतेक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची. सगळ्यांची मिळून हंगामाला दहाएक टन बी होते. व्यापारी दारात येतो, रोख देतो, भावही तोच ठरवतो. सहकारी संस्था काढायचं घाटतंय. काहींचं म्हणणं, थेट प्रक्रिया युनिटच टाकूया. सुरुवात कुठून करावी? आणि संस्था बरी की शेतकऱ्यांनी मिळून काढायची उत्पादक कंपनी?

गटसचिव
युनिट आत्ता नको. आधी खेळत्या भांडवलाचं बघा, कोकणातल्या बऱ्याच संस्था तिथेच बसतात. समजा भाव किलोला १२० रुपये आहे. दहा टनांचे १२ लाख झाले. बावीस जणांनी संस्थेचे पाच-पाच हजारांचे भाग (शेअर) घेतले तर जमतात १ लाख १० हजार. त्यात एक टन बीसुद्धा येत नाही. मग सभासद माल आणून टाकतो, पैसे मिळत नाहीत, आणि पुढचं पोतं व्यापाऱ्याकडे जातं.

दुसरी गोष्ट उचलीची, म्हणजे व्यापाऱ्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशांची. गणपतीत किंवा खतासाठी ज्याने व्यापाऱ्याकडून पैसे घेतलेत, त्याची बी झाडावर असतानाच विकली गेलेली असते. तो सभासद झाला तरी माल देऊ शकत नाही. म्हणून पहिलं काम, प्रत्येकाला गावच्या विकास सोसायटीतून (पीककर्ज देणारी सहकारी संस्था) काजूवर पीककर्ज मिळवून द्या आणि उचल मोडा. संस्थेचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो, भावातले दोन रुपये त्यानंतर.

नवी संस्था काढायची तर वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. आधी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयातून नाव राखून घ्यायचं आणि खातं उघडायची परवानगी काढायची, भागाची रक्कम बँकेत भरायची, मग उपविधींसह (संस्थेचे स्वतःचे नियम) नोंदणीचा प्रस्ताव. पण गावात विकास सोसायटी चालू असेल तर तिलाच हे काम द्या. केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या नमुना उपविधींत गोदाम, खरेदी, प्रक्रिया हे सगळं बसतं. तुमच्या सोसायटीने ते स्वीकारलेत का, एवढं विचारा. कंपनीलाही १० उत्पादक पुरतात आणि तिथेही एका सभासदाला एकच मत, पण वर्षाकाठी सीएचा खर्च दहा टनांवर जड जातो.

उपविधींत एक कलम घालाच: वर्षअखेरचा बोनस भागांवर नाही, घातलेल्या मालाच्या किलोवर. लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहेच आणि नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. किलोवर बोनस असला की माल संस्थेकडे वळतो.

गर_आणि_टरफल
सचिवांच्या हिशोबात वाळवणीची तूट धरा. १६ टक्के ओलाव्याची बी ८ टक्क्यांवर आणली की १०० किलोचे ९१ किलो राहतात. १२० ची खरेदी तिथेच १३१ ला पडते. ओली बी सरसकट भावाने घेतली तर हा खड्डा संस्थेच्या खिशातून भरावा लागतो. ओलावा मोजायचं मीटर घ्याच. खळ्यात दोन-तीन दिवस ऊन देऊन, परतत वाळवलेली बी नखाने दाबली तर खूण उठत नाही. खूण उठली तर अजून एक ऊन.

आणि बी नुसत्या वजनावर घेऊ नका, गरावर घ्या. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढा, मिसळा, त्यातली एक किलो मोजून फोडा. निरोगी गर वेगळा, डागी वेगळा, पोकळ आणि कुजकी वेगळी. निरोगी गराचं वजन अधिक डागी गराचं निम्मं, हा उतारा. २५ टक्के उताऱ्याला एक किलो गरासाठी चार किलो बी लागते, १३१ च्या हिशोबाने ५२४ रुपयांची. २८ टक्क्यांना ३.५७ किलो पुरते, म्हणजे ४६८. गराच्या किलोमागे ५६ रुपयांचा हा फरक सध्या व्यापाऱ्याकडे जातो, कारण तो चांगली-वाईट बी एकाच भावाने उचलतो आणि पुढे वेगळी करून विकतो.

उतारा पडतो तो दोन कारणांनी. झाडावरून झोडून काढलेली कच्ची बी, आणि बोंडाचा तुकडा चिकटलेली बी, जिला पोत्यात बुरशी धरते. बी पडली की वेचायची आणि बोंड पिरगळून स्वच्छ काढायचं, हे सभासदांना पहिल्या सभेतच सांगा.

बागायत_कुडाळ
माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देणाऱ्या तारण योजनेचा उपयोग होईल का? आणि आमचे सातबारे सामाईक आहेत, निम्मे हिस्सेदार मुंबईत.

गटसचिव
होईल. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समितीमार्फत चालते: किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. काजू बी तिच्यात आहे, पण किलोमागे कमाल मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. १३१ च्या मालावर ९८ रुपये मिळाले तर सहा महिन्यांचं व्याज तीन रुपयांच्या आत. म्हणजे हमाली-बारदान धरून भाव १३७-१३८ च्या वर जाणार असेल तरच माल थांबवा, नाहीतर मे महिन्यातच विका.

माल मात्र शेतकऱ्याच्याच नावावर लागतो. संस्थेने विकत घेतलेली बी तिथे चालणार नाही, म्हणून पावत्या सभासदागणिक करा. सामाईक सातबाऱ्यावर काजूची नोंद ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून करायची पिकाची सरकारी नोंद) आधी करून घ्या आणि हिस्सेदारांची संमतीपत्रं गणपतीत मंडळी गावी आली की तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. मार्चमध्ये पाठवून मागवायला गेलात तर हंगाम निघून जातो.

गर_आणि_टरफल
गोदामाचंही बघा. पोती गोणपाटाची हवीत, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. मिरगाआधी पत्र्याची गळती काढून घ्या. जूनमध्ये दमट हवेने बी पुन्हा ओलावा धरते, गर पिवळा पडतो आणि अख्ख्या गराच्या भावाचा माल पाकळीच्या, म्हणजे दुभंगलेल्या गराच्या, भावाला जातो.