पर्स्युएजन: अ‍ॅनने तेव्हा नकार दिला ते बरोबर होतं का? आणि वेंटवर्थ कफल्लकच परत आला असता तर?

बकुळफुलं
जेन ऑस्टेनची ही शेवटची पूर्ण कादंबरी, ती गेल्यावर म्हणजे १८१७ च्या डिसेंबरात आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर वॉल्टर एलियट हा केलिंच हॉल या वाड्याचा मालक, बॅरोनेट (म्हणजे पिढीजात ‘सर’ किताब असलेला), कर्जात बुडालेला पण घराण्याचा तोरा कायम. त्याची मधली मुलगी अ‍ॅन १९ वर्षांची असताना १८०६ मध्ये फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, लग्न ठरतं. पण बापाचा थंडपणा आणि मुख्य म्हणजे आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलचा सल्ला यामुळे ती ते मोडते. आठ वर्षांनी तो परत येतो तेव्हा कॅप्टन झालेला असतो, हातात २५,००० पौंड असतात.

तर माझं म्हणणं असं की या कादंबरीत कुळापेक्षा माणूस मोठा ठरतो असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. ऑस्टेन स्वतः शेवटच्या प्रकरणात लिहिते की २५,००० पौंड आणि कर्तृत्वावर मिळवलेला हुद्दा असल्यामुळे तो आता कुणीच नाही असं राहिलं नव्हतं. म्हणजे स्वभाव तोच, धाडस तेच, प्रेम तेच, बदललं काय तर खिसा. सर वॉल्टरसुद्धा मग खुशीत येऊन घराण्याच्या वहीत जावयाचं नाव लिहायला बसतो! आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की शेवटी अ‍ॅन म्हणते, सल्ला चुकीचा असेल पण मी तो मानला ते बरोबरच केलं. एवढी आठ वर्षं जळून गेल्यावर हे म्हणायचं? लेडी रसेलचा सल्ला म्हणजे काळजीच्या वेषातला वर्गाचा अहंकार होता असं माझं स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी
बकुळताई, सपशेल असहमत. सर वॉल्टर आणि लेडी रसेल यांना एकाच मापात मोजू नका. सर वॉल्टरला मुलगा कोणत्या घराण्यातला एवढंच दिसतं. वेंटवर्थचा भाऊ मंकफर्डला साधा क्युरेट (दुय्यम पाद्री) होता तर त्याच्याबद्दलही हा म्हणतो की ते कुणीच नव्हेत, मोठ्या घराण्याशी काही संबंध नाही. नौदलावर त्याचा राग कशासाठी तर सामान्य घरातली माणसं त्यामुळे वर चढतात आणि समुद्रावर माणसाचा चेहरा लवकर म्हातारा होतो. हा वर्गाचा अहंकार, मान्य.

पण लेडी रसेलसमोर काय होतं ते बघा ना. नेपोलियनशी युद्ध चालू, पोरगा सॅन डोमिंगोच्या लढाईनंतर कमांडर झालेला पण हातात जहाज नाही, मिळालेला पैसा उडवून मोकळा झालेला, आणि मी लवकरच श्रीमंत होणार हा नुसता आत्मविश्वास. बापाने तर सांगूनच टाकलेलं की मुलीला काही देणार नाही. अशा स्थळाला आपण आपल्या १९ वर्षांच्या मुलीसाठी डोळे झाकून हो म्हटलं असतं का? पुढे त्याला मिळालेलं जहाज तरी कसलं, अ‍ॅस्प, जुनं खिळखिळं. तो स्वतःच धाकट्या बहिणीच्या सासरच्या मसग्रोव्ह मंडळींना, म्हणजे नायिकेच्या व्याह्यांना सांगतो की फ्रेंच फ्रिगेट (युद्धनौका) पकडून प्लिमथला आणली आणि आत येतोय तोवर चार दिवसांचं वादळ सुटलं, बाहेर असतो तर अ‍ॅस्प टिकलीच नसती आणि मी वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात छोटीशी बातमी होऊन संपलो असतो. अ‍ॅन ते ऐकून मनातल्या मनात शहारते. धोका खरा होता हो. तो जिवंत आणि श्रीमंत परत आला हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण आज लेडी रसेलला नावं ठेवतोय.

बकुळफुलं
धोका होता हे मान्यच आहे, पण तिने फक्त धोका मोजला का? ऑस्टेन स्पष्ट सांगते की घराणं आणि मानमरातब याबाबतीत लेडी रसेलच्या मनात आढी होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला वेंटवर्थचा स्वभावच आवडला नाही! तो हजरजबाबी, बेधडक, स्वतःवर भलता विश्वास असलेला, आणि तिला हे सगळं धोकादायक वाटलं. आता दुसऱ्या बाजूला मिस्टर एलियट बघा, वॉल्टरचा वारस. गोड बोलणारा, कुणालाही न दुखावणारा, चारचौघांत कसं वागावं हे नेमकं कळणारा, तर त्याला बघून ही बाई खूश, अ‍ॅनने याच्याशी लग्न करून आईच्या जागी केलिंचची मालकीण व्हावं अशी स्वप्नं बघते. आणि तो निघतो आतून थंड आणि स्वार्थी, मित्राला कर्जात लोटून त्याच्या विधवेला, मिसेस स्मिथला, वाऱ्यावर सोडणारा.

म्हणजे वर्ग नुसता दारात आडवा उभा राहत नाही, तो माणसाची नजरच बिघडवतो. ज्या वर्गात वाढलो तिथल्या रीतभातीलाच आपण चारित्र्य समजायला लागतो, आणि जो तशा रीतीने बोलत नाही त्याचं चारित्र्यच आपल्याला दिसत नाही. लेडी रसेल वाईट बाई नाही, अ‍ॅनवर तिचा खरा जीव आहे, म्हणूनच हे जास्त भयंकर वाटतं मला. सर वॉल्टरचं काय, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याचा सल्ला अ‍ॅननेही मनावर घेतला नसता. ती ऐकते ती माया करणाऱ्या माणसाचं.

अनघा_वाचते
तुम्ही दोघंही लेडी रसेलवरच अडकलात. आठ वर्षांतली निदान सहा वर्षं वेंटवर्थच्या अहंकाराची आहेत त्याचं काय? शेवटी तो स्वतः विचारतो की १८०८ मध्ये माझ्याकडे थोडे हजार पौंड होते, लॅकोनिया ही युद्धनौका मिळाली होती, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का, आणि अ‍ॅनचं उत्तर ठाम हो असंच आहे. तेव्हा तर २५,००० नव्हते! मग पैशानेच सगळं झालं हे कसं म्हणता? तो रुसून बसला होता, एवढंच.

शिवाय त्याचीही नजर चुकतेच की. त्याला वाटतं अ‍ॅन दुबळी, म्हणून तो लुईसा मसग्रोव्हच्या ठामपणाचं कौतुक करत फिरतो. मग लाइम या समुद्रकाठच्या गावी ती हट्टाने कॉबवरून (बंदराच्या धक्क्यावरून) उडी मारते, डोक्यावर आपटते आणि तिथे सगळे गडबडून गेलेले असताना डॉक्टर आणा, कोणाला पाठवा हे शांतपणे सांगते ती अ‍ॅनच. हट्ट आणि स्थिर मन यातला फरक त्याला तिथे कळतो. माझ्या मते कादंबरीचा जीव इथे आहे, वर्ग आजूबाजूला आहे, पण प्रश्न माणूस ओळखण्याचा आहे आणि तो सगळ्यांनाच अवघड जातो, बॅरोनेट असो नाहीतर खलाशी.

तळघर
खलाशी म्हणालात म्हणून लिहितोय. तो २५,००० चा आकडा आला कुठून हे कुणी बघणार आहे का? शत्रूची जहाजं पकडून मिळालेला प्राइज मनी आहे तो. १८०८ पर्यंतचा नियम असा की बक्षिसाच्या आठ हिश्शांपैकी तीन कॅप्टनच्या वाट्याचे, त्यातला एक बहुतेकदा वरच्या अ‍ॅडमिरलला जायचा, आणि शेकडो साधे खलाशी मिळून दोन हिस्से. त्यातले कितीतरी बळजबरीने पकडून जहाजावर चढवलेले. तेव्हा नौदल म्हणजे गुणांची कदर हे अर्धंच खरं, बढतीलाही ओळखीपाळखी लागायच्याच. बॅरोनेटच्या जागी कॅप्टन आला, खालचा माणूस खालीच राहिला, कादंबरीत त्याचं नावही नाही.

आणि बिचारी मिसेस स्मिथ, जिची सगळ्यांना दया येते, तिची अडकलेली मालमत्ता वेस्ट इंडीजमध्ये आहे. तिथली मालमत्ता म्हणजे त्या काळी काय ते वेगळं सांगायला नको. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला पण वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा १८३३ चा. वेंटवर्थ शेवटी ती मालमत्ता सोडवून देतो आणि आपण किती भला माणूस म्हणतो. चारित्र्य चारित्र्य म्हणताना हेही पानावर आहे हे विसरू नका.

दर्यावर्दी
तळघर, मुद्दा वजनदार आहे आणि वेस्ट इंडीजबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण ऑस्टेनचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, नौदलात होते, तिला तिथलं जग घरातून माहीत होतं आणि तिने त्यातला फक्त श्रीमंत झालेला कॅप्टन दाखवलेला नाही. कॅप्टन हार्विल बघा. जखमी, लंगडा, पैसा बेताचा, लाइमला समुद्राकाठी छोट्या घरात बायकापोरांसह राहतो, खोल्या इतक्या लहान की एवढी माणसं बसवणार कुठे असा प्रश्न पडावा, तरी मंडळींना जेवायला थांबा म्हणून मनापासून आग्रह करतो. आणि अ‍ॅनच्या मनात काय येतं, हे सगळे माझे मित्र झाले असते! केलिंचमध्ये वाढलेल्या मुलीला त्या घरात हेवा वाटतो. बकुळताईंनी विचारलं ना की वेंटवर्थ कफल्लक आला असता तर, त्याचं उत्तर मला तरी या प्रसंगात मिळतं.

बाथ शहरातही तेच. बाप आणि बहीण व्हायकाउंटेस डॅलरिंपल या बड्या नातलग बाईच्या मागे धावतायत आणि ही त्यांचं आमंत्रण सोडून वेस्टगेट बिल्डिंग्जमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्या आजारी मैत्रिणीकडे, याच मिसेस स्मिथकडे जाते.

बकुळफुलं
हार्विलचा प्रसंग माझाही आवडता आहे, पण २७ वर्षांच्या अ‍ॅनला हेवा वाटणं वेगळं आणि ऑस्टेनने तिला तसलं आयुष्य प्रत्यक्ष देणं वेगळं. तिने दिलं नाही. शेवटी लेखिकेने नायकाला श्रीमंत करूनच आणलं, म्हणजे परीक्षा व्हायच्या आधीच पेपर सोपा केला. मला हार्विलसारखा वेंटवर्थ आणि त्याला हो म्हणणारी अ‍ॅन वाचायची होती.

एक मात्र सांगते, क्रॉफ्ट पतिपत्नी केलिंच भाड्याने घेतात तेव्हा अ‍ॅनला प्रामाणिकपणे वाटतं की घर मूळ मालकांपेक्षा चांगल्या हातात गेलं. स्वतःच्या बापाबद्दल एवढं धारदार मत आणि तरी सल्ला मानला ते बरोबर म्हणते, हे दोन्ही एकाच बाईच्या तोंडी मला अजून जुळवता येत नाही.

अनघा_वाचते
जुळतं की. ती म्हणते की मी कुणाला असा सल्ला कधीच देणार नाही, म्हणजे सल्ल्याची बाजू ती घेतच नाहीये. ती फक्त एवढंच म्हणते की १९ व्या वर्षी, आई नसताना, आईसारख्या बाईचं न ऐकता निघून गेले असते तर माझं मन मला पुढे खात राहिलं असतं. आणि तिने लग्न मोडलं तेव्हा त्यात त्याचंही भलं आहे असं तिला पटवलं गेलं होतं, निव्वळ स्वतःपुरता विचार असता तर तिने मोडलंच नसतं, हेही लिहिलंय.

बकुळफुलं
हो, त्याचं भलं आहे असं पटवलं, तेच तर! जिच्यावर तो जीव टाकतो तिला सोडून जाणं त्याच्या भल्याचं आहे हे १९ वर्षांच्या मुलीला पटवता आलं, यातच लेडी रसेलच्या वर्गाची सगळी ताकद आली. मी पहिल्या मतावरच आहे.