थव्यातील पक्षी नेमके मोजता आले नाहीत, तर संख्या लिहावी का?

प्रश्न

गेल्या काही महिन्यांपासून मी पक्षीगणनेत स्वयंसेवक म्हणून भाग घेत आहे. ठरलेल्या तळ्याकाठी सकाळी पंधरा मिनिटे थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची, एवढेच माझे काम. परवा बदकांचा मोठा थवा पाण्यावर होता. मी मोजत असतानाच त्यातील निम्मे पक्षी उडाले, एक फेरी मारून पुन्हा तेथेच उतरले, आणि माझी मोजणी दोनशे ते साडेतीनशेच्या दरम्यान कुठेतरी अडकली. चुकीचा आकडा देण्यापेक्षा न दिलेला बरा, असे वाटून मी संख्येच्या जागी ‘एक्स’ लिहिले. परंतु तेव्हापासून मनाला चुटपुट लागली आहे. अशा नोंदीचा अभ्यासकांना उपयोग होतो का? तसेच ज्या दिवशी कावळे, चिमण्या आणि पारवे यांखेरीज काहीच दिसत नाही, त्या दिवशी यादी भरावी का?

उत्तर १

‘एक्स’वरून पक्षी तेथे होता एवढेच कळते, दोन होते की दोन हजार, हे कळत नाही. म्हणून प्रामाणिक अंदाज केव्हाही अधिक मोलाचा. आधी दहा पक्षी नीट मोजावेत, ते पाण्यावर किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवावे, आणि तेवढे माप थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनातल्या मनात सरकवत न्यावे. थवा फार मोठा असेल तर पन्नासांचा किंवा शंभरांचा गट धरावा. मात्र थवा सगळीकडे सारखा दाट नसतो, तेव्हा दाट आणि विरळ भागांसाठी वेगवेगळी मापे लागतात. नवख्या निरीक्षकाचा अंदाज बहुधा कमीच पडतो. छायाचित्र काढून नंतर त्यातील पक्षी एकेक करून मोजले, की आपली नजर किती चुकते हे काही दिवसांतच उमगते.

उडून परतलेले पक्षी पुन्हा मिळवू नयेत. एका वेळी एकत्र दिसलेली सर्वाधिक संख्या लिहावी. ब्रिटनमध्ये १९७९ पासून चालत आलेल्या ‘बिग गार्डन बर्डवॉच’मध्ये तासाभराच्या निरीक्षणासाठी हाच नियम पाळला जातो.

उत्तर २

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. ओळखता आलेली प्रत्येक प्रजाती आपण लिहिली आहे, असे यादीत नमूद केले की जे लिहिलेले नाही ते आढळले नाही, असा अर्थ अभ्यासकाला घेता येतो. त्यामुळे ‘नेहमीचाच आहे’ म्हणून वगळलेला कावळा त्या यादीपुरता तेथून नाहीसा होतो. किती वेळ पाहिले आणि किती अंतर चाललो, हेही त्यासाठीच अचूक लिहायचे असते.

नेहमीच्या पक्ष्यांची काळजी करण्याचे कारण नाही, ही समजूत २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने खोटी ठरवली. अमेरिका आणि कॅनडा मिळून १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, आणि त्यांत मोठा वाटा सर्वत्र आढळणाऱ्या प्रजातींचा होता. हे लक्षात येऊ शकले, कारण १९६६ पासूनच्या प्रजननकालीन गणनेत स्वयंसेवकांनी त्याच रस्त्यांवर, त्याच ठरावीक थांब्यांवर, प्रत्येकी तीन मिनिटे थांबून साध्यासुध्या पक्ष्यांचेही आकडे वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. ज्या सकाळी काहीच विशेष दिसले नाही त्या सकाळच्या याद्याही त्यांत आहेत.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. परवाची नोंद आता बदलली तर चालेल का? माझ्या टिपणवहीत दोन्ही आकडे आहेत.

उत्तर १

चालेल, जुनी यादी उघडून दुरुस्त करता येते. थव्याचे चित्र डोळ्यांसमोर आणून आपल्याला सर्वांत संभाव्य वाटेल तो एकच आकडा लिहावा, आणि शेऱ्यात ‘अंदाज, किमान २००, कमाल ३५०’ असे नोंदवावे. वहीत काहीच लिहिलेले नसते, तर मात्र इतक्या दिवसांनी आठवणीवरून आकडा बसवण्यापेक्षा ‘एक्स’ तसेच राहू द्यावे, असे मी सुचवले असते.