पुन्हा पाहावा असा तुमचा मराठी चित्रपट कोणता, आणि का?

प्रश्न : शेवटची रांग

आम्ही बडोद्यातील काही मराठी कुटुंबे महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून मराठी चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. आजवर आम्ही शक्यतो कोणीही न पाहिलेला चित्रपट निवडत आलो. आता मंडळींनी असे सुचवले आहे की पुढचे काही महिने सर्वांनी पाहिलेलेच चित्रपट पुन्हा पाहावेत. मला ही कल्पना मनापासून पटली, आणि त्याला कारण झाला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004).

पहिल्यांदा पाहताना निदान काय होणार आणि परशा या लहान मुलाचे डोळे वाचणार की नाही, या धास्तीने आपले लक्ष डॉक्टरांच्या तोंडाकडे लागलेले असते. निकाल ठाऊक असताना मात्र हाच चित्रपट वेगळा दिसू लागतो. शहरातल्या रस्त्यावरची प्रत्येक रंगीत वस्तू, रुग्णालयातील प्रत्येक अनोळखी चेहरा परशा आता थोड्याच दिवसांसाठी पाहतो आहे, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असते आणि त्याला नसते. अरुण नलावडे यांचे आजोबा नातवाला शस्त्रक्रियेआधी बाहेर फिरवायला नेतात, तो भाग पाहताना तर मी परशाकडे पाहणे सोडून तो जिकडे पाहतो तिकडेच पाहत राहतो.

अशा चित्रपटांची यादी मला करायची आहे. कृपया नुसते नाव देऊ नका. दुसऱ्यांदा पाहताना नेमके कोठे थांबावे, कोणाकडे पाहावे, हे सांगितलेत तर आमच्या चर्चेला त्याचा फार उपयोग होईल.

उत्तर : गावकूस

मी दोन चित्रपट सुचवतो, पण ते जोडीने पाहावेत अशी विनंती आहे. ‘सामना’ (1974) आणि ‘सिंहासन’ (1979). दोन्हींचे दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आणि दोन्हींत निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर आहेत.

‘सामना’मध्ये निळू फुले हे साखर कारखाना आणि सारे गाव मुठीत असलेले हिंदूराव धोंडे पाटील आहेत, तर लागू हे कोठून तरी येऊन पडलेले, दारूच्या आहारी गेलेले मास्तर. मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर धरून बसतात आणि त्या प्रश्नाने हिंदूरावांचा सगळा डोलारा हलू लागतो. पाच वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये हेच दोघे जागा बदलून येतात. लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होतात आणि निळू फुले होतात दिगू टिपणीस, म्हणजे सर्व काही पाहणारा, सर्वांच्या घरी आणि कचेरीत सहज वावरणारा पत्रकार.

पहिल्या वेळी ‘सिंहासन’ पाहताना मुख्यमंत्री टिकतात की पडतात या गुंत्यात आपण अडकतो, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांमधील इतकी पात्रे त्यात आहेत की कोण कोणाच्या गटातला हे लक्षात ठेवतानाच दमछाक होते. दुसऱ्या वेळी हे सारे बाजूला ठेवून फक्त दिगूकडे पाहावे. तो फार कमी बोलतो. समोरचा मंत्री काही सांगत असतो, मुत्सद्दीपणाने काही लपवत असतो, आणि दिगू मान किंचित खाली घालून ऐकत असतो. ‘सामना’त ज्या डोळ्यांत मालकीचा माज होता, त्याच डोळ्यांत आता केवळ समजून चुकल्याचा थकवा दिसतो. एकाच नटाने सत्ता आणि सत्तेचा साक्षीदार या दोन्ही भूमिका इतक्या खरेपणाने कराव्यात, ही मला मराठी चित्रपटातील अत्यंत मोलाची गोष्ट वाटते. शेवटी दिगूचे जे होते ते अचानक होत नाही; ते पहिल्यापासून साठत आलेले असते, आणि हे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय दिसत नाही.

आणखी एक सुचवतो. ‘सामना’ पाहताना आरती प्रभूंचे ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ लागले की चर्चा करणाऱ्यांनीही गप्प बसावे.

उत्तर : जिन्याखालची खोली

वरची निवड उत्तमच आहे, पण यादीत विनोदी चित्रपट नसेल तर ती अपुरी राहील, असे माझे ठाम मत आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पाठ असतो, म्हणून त्याचा अभ्यास करण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. वास्तविक पाठ असल्यामुळेच त्याची घडण नीट पाहता येते.

औषधाच्या सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. हशा अशोक सराफांच्या वाक्याला येतो, हे खरेच. पण तो उभा राहतो सुधीर जोशींनी केलेल्या घरमालक विश्वासराव सरपोतदारांवर. आपले पैसे गेले ही गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर टप्प्याटप्प्याने उतरते आणि ते प्रत्येक टप्प्याला अशोक सराफांना पुढच्या वाक्यापुरती नेमकी जागा करून देतात. वाक्ये पाठ असल्याने आपले कान मोकळे असतात. मग डोळे सरपोतदारांवर ठेवून तो प्रसंग पाहावा. दुसऱ्याच्या विनोदासाठी असे खांदा देणारे नट मराठी रंगभूमीने पुष्कळ घडवले, आणि सुधीर जोशी त्यांच्यातील अगदी वरच्या रांगेतले होते. वसंत सबनीसांच्या संवादांतही तोच रंगभूमीचा हिशेब आहे : कोणतेही वाक्य फार लांब नाही आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द जोरकस आहे.

उत्तर : दुपारचे सत्र

मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) सुचवते. मी स्वतः तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते, त्यामुळे या चित्रपटाविषयीचे माझे प्रेम काहीसे पक्षपाती आहे, हे आधीच सांगते.

कथा थोडक्यात अशी आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराला अटक होते, कारण त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे. खटला चालतो, तारखा पडत जातात. पहिल्यांदा पाहणारा निकालाची वाट पाहतो. तो काही तसा मिळत नाही, हे एकदा कळले की चित्रपट खऱ्या अर्थाने उघडतो.

कॅमेरा बहुतेक वेळा न्यायदालनात मागे, एका जागी स्थिर उभा असतो आणि कोणाकडे पाहायचे हे तो सांगत नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळी मी कांबळेंचे प्रकरण पुकारले जाण्याआधीची प्रकरणे पाहिली. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकायलाच नकार देतात आणि पुढची तारीख देतात. क्षणभराचा प्रसंग आहे, कोणी आवाज चढवत नाही, आणि पुढचे नाव पुकारले जाते. ही अगदी रोजची, शांत आवाजातली सक्ती ज्याने न्यायालयात दिवस काढले आहेत त्याला लगेच ओळखू येते.

कामगाराच्या विधवेची साक्ष हा माझ्या मते चित्रपटाचा गाभा आहे. नवऱ्याला कोणतेही सुरक्षा साधन मिळत नव्हते, हे ती सांगते. भोकात उतरण्याआधी तो खडा टाकून पाहत असे. झुरळे बाहेर आली तर आत जीव जगण्याइतकी हवा आहे असे समजून तो उतरत असे. दारू पिऊन उतरत असे, कारण त्याशिवाय तो वास सहन होत नसे. ती हे सारे एकसुरी, थेट सांगते, रडत नाही. पहिल्या वेळी आपण ऐकतो ते आरोप खोटा ठरवणारा पुरावा म्हणून. दुसऱ्या वेळी लक्षात येते की संपूर्ण खटल्यात या माणसाच्या मरणाविषयी एवढीच काय ती खरी माहिती आली आणि ती कोणाच्याच कामाची ठरली नाही. आत्महत्येचे कलम नीट बसत नाही, मग दुसरे कलम शोधले जाते. कोणत्या परिस्थितीत तो त्या भोकात उतरला, हा प्रश्न मात्र कोणत्याच कलमात मावत नाही.

गीतांजली कुलकर्णी यांच्या सरकारी वकिलाकडेही पुन्हा पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती कलमांचे परिच्छेदच्या परिच्छेद वाचून दाखवते, संध्याकाळी लोकलमध्ये मैत्रिणीशी साडी आणि स्वयंपाकाच्या तेलाविषयी बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन सर्वांचे जेवण करते. दिग्दर्शकाने तिला दुष्ट केले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. असेच पुष्कळ कष्टाळू, नाकासमोर चालणारे लोक मी रोज भेटते, आणि त्यांच्याच हातून एखादा म्हातारा तुरुंगात खितपत पडू शकतो.

शेवट कोणाला रुचत नाही, हे मी अनेकदा ऐकले आहे. सुट्टी लागते, दालनातील दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा होतो आणि चित्रपट संपला असे वाटते. नंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. तेथे ते एका परिचिताला बोलत नसलेल्या मुलासाठी नाव बदलण्याचा आणि अंगठीचा सल्ला देतात. दिवसभर पुरावा मागणारा माणूस सुट्टीत कशावर विश्वास ठेवतो, हे पाहिल्यावर आधीचे सगळे निर्णय आपण मनात पुन्हा तपासू लागतो. म्हणून तो शेवट कापू नये आणि कोणालाही मध्येच उठू देऊ नये.

शेवटची रांग

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ‘कोर्ट’ आम्ही निश्चितच घेऊ. आमच्यातील एका ताईंनी नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे नाव सुचवले आहे, पण काहींचे म्हणणे असे की तो एकदा पाहिल्यावर पुन्हा पाहण्याचे धैर्य होत नाही. याविषयी कोणाचे काही मत आहे का?

उत्तर : कोरडवाहू

धैर्य होत नाही हे समजू शकते, पण ‘फँड्री’ यादीतून वगळू नये. गावातली डुकरे पकडावी लागणाऱ्या कुटुंबातला शाळकरी मुलगा जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याकडे येतो, हे सर्वांनाच आठवते. पण त्या दगडाआधीचा अर्धा तास विस्मरणात जातो. डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्याचे सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. पुढे डुक्कर काठीला बांधून नेले जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. पहिल्या वेळी आपण डुकराकडे आणि चिडवणाऱ्या पोरांकडे पाहत असतो, कारण दिग्दर्शकाने आपल्यालाही त्या गर्दीतच उभे केलेले असते. दुसऱ्या वेळी बापाकडे पाहावे. किशोर कदम यांचा कचरू मुलावर ओरडतो, पण त्याची मान गावकऱ्यांसमोर कोणत्या कोनात वाकते आणि घरच्यांसमोर किती ताठ होते, एवढेच पाहिले तरी पुरे आहे. जब्याच्या रागाचे निम्मे कारण त्या वाकलेल्या मानेत आहे.

मुलांना घेऊन बसणार असाल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्यावे. आमच्या गावी मी हा चित्रपट शाळेतल्या मोठ्या मुलांबरोबर पाहिला, तेव्हा नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही; मग एका मुलाने विचारले की हसणाऱ्या पोरांपैकी कोणालाच वाईट का वाटत नाही. चर्चा तेथूनच सुरू झाली आणि ती चांगली झाली.

उत्तर : वृंदावन

माझे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, म्हणून जुन्या चित्रपटाची बाजू मांडते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) घ्यावा. दामले आणि फत्तेलाल यांचा हा चित्रपट 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्या गौरवामुळेच की काय, लोक तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा पाहतात. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तसा आहेच. डोळे मिटून गाऊ लागले की ते अभिनय करत आहेत असे वाटतच नाही. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले गीत आजही कित्येक जण तुकोबांचाच अभंग समजतात, यावरून त्या कामाची कसोशी कळावी.

पुन्हा पाहताना मात्र तुकोबांच्या बायकोला, जिजाईला धरून राहावे. गौरी या अभिनेत्रीची जिजाई अवघड आहे, भांडखोर आहे, आणि चित्रपटातील सर्वांत शहाणी व्यक्ती तीच आहे असे मला वाटते. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे आणि नवरा भजनात आहे. तेव्हा ती चप्पल घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते. भक्तिपटात एखाद्या बाईला देवावर एवढे रागावू दिले, आणि तरीही तिला कमी लेखले नाही, हे दामले-फत्तेलालांचे थोरपण आहे. तिचे नवऱ्यावरचे प्रेम त्या रागातूनच दिसते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका हा चित्रपट पुनःपुन्हा पाहायला जात, आणि घरी येऊन बोलत त्या जिजाईविषयीच.

भागवतांचा सालोमालोही या वेळी नीट ऐकावा. तो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून गातो आणि नाटकी ढंगाने गातो. तीच रचना पागनीसांच्या साध्या गळ्यातून आली की संगीतकार केशवराव भोळ्यांनी काय साधले ते वेगळे सांगावे लागत नाही.

क्रमाविषयी विचाराल तर मी ‘संत तुकाराम’ आधी ठेवीन आणि लगेच पुढच्या महिन्यात ‘कोर्ट’. एका गाणाऱ्याच्या वह्या नदीत बुडवायला लावल्या जातात आणि दुसऱ्या गाणाऱ्याला तारखांमध्ये अडकवले जाते. तुमच्या मंडळींना बोलायला दोन रविवारही पुरणार नाहीत. ‘संत तुकाराम’ची चांगली, स्वच्छ आवाजाची प्रत मात्र आधी पाहून ठेवा, कारण अनेक ठिकाणी फिरणाऱ्या प्रती फार खरखरतात आणि मग मुले पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळतात.