मिसळीची फ्रँचायझी द्यायची आहे, चटणीची कृती कशी राखायची?

कटवाला: कोल्हापुरात मिसळीचं दुकान आहे. पुण्यात आणि सांगलीत फ्रँचायझीची बोलणी चाललीत. दोघंही म्हणतात, कृती लिहून द्या, कट आम्ही इथंच करतो. गोपनीयतेच्या करारावर सही घेतली की भागतं का? उद्या पाटी बदलून तोच कट विकला तर?

डंकावरचा: कृती देऊच नका, चटणी द्या. कोरडा मसाला इथनं पाकिटातनं जाऊ दे, ओलं कांदा-लसणाचं वाटण त्यांनी तिथं करावं. वाटणात गुपित नसतं आणि ते टिकतही नाही. कार्डावर एवढंच: एका पाकिटाला पाणी किती, तेल किती, उकळी किती वेळ. खोबरं नीट भाजलं नाही तर मसाला खवट होतो, म्हणून महिन्याभराच्या वर माल पाठवू नका.

खरी गळती घरातनंच होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, तीळ, खडा मसाला असं सगळं लक्ष्मीपुरीतल्या एकाच दुकानातनं घेतलं तर बिलावरच प्रमाण निघतं. दोन-तीन ठिकाणी विभागा. डंकावर जिन्नस वेगवेगळे कुटून आणा, वजन करून मिसळणं घरी.

पाकिटांचा हिशेब ठेवा. समजा किलोमागं 150 प्लेटी बसतात. प्लेटी तेवढ्याच आणि पाकिटं निम्मी, म्हणजे तिकडं दुसरा मसाला शिजतोय.

दिवाणी_दावा: वरचं आधी करा, कागद त्यानंतर. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, भिस्त मुख्यतः करारावरच.

"करार संपल्यावर तीन वर्षं मिसळ विकायची नाही" हे कलम बहुतेक सगळे घालतात, पण करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढं ते टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, सर्वोच्च न्यायालय, 1995. गोपनीयतेचं कलम मात्र करारानंतरही चालू राहील असं स्पष्ट लिहा. "सर्व माहिती गुप्त" असं मोघम नको. परिशिष्टात नेमकं काय ते लिहा: मसाल्याचं मिश्रण, पुरवठादारांची यादी, दरपत्रक. प्रमाण तिथंही नको! भटारखाना दाखवण्याआधी सही, नंतर नव्हे. फ्रँचायझीच्या आचाऱ्याचीही वेगळी घ्या.

50 लाखांचा दंड लिहिला म्हणून 50 लाख मिळत नाहीत. कलम 74 प्रमाणं ती वरची मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढंच देतं. कामाला येतो तो मनाई हुकूम. दावा किमान 3 लाखांचा असेल तर तो वाणिज्य न्यायालयात जातो. तिथं आधी मध्यस्थी लागते, पण तातडीचा मनाई हुकूम मागत असाल तर ती अट नाही. चार महिने गप्प बसून गेलात तर तातडी कसली, असं समोरचा वकील विचारणारच.

नावाची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग 43 मध्ये (हॉटेल) आणि वर्ग 30 मध्ये (मसाला) करा. पाटी न बदलता धंदा चालू ठेवला तर तीच उपयोगी पडते.

कटवाला: पाकिटावर घटक छापावे लागतात ना? मग गुपित कुठलं राहिलं?

डंकावरचा: मसाल्यांना "मिश्र मसाले" एवढं चालतं, प्रमाण छापावं लागत नाही. शेंगदाणा असेल तर तो मात्र ॲलर्जीसाठी लिहावाच लागतो.

दिवाणी_दावा: आणि कृतीचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही टाकू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा. "ही गुप्त कशी?" या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही.