'चार्ज'ला नेमका मराठी शब्द हवा आहे (तातडीने!)

घाईगर्दी
नमस्कार मंडळी. एका पत्राचं मराठी करतोय, उद्या सकाळी द्यायचंय. बाकी सगळं जमलं, 'चार्ज'पाशी अडलोय. शब्दकोश उघडला तर पानभर अर्थ: शुल्क, आरोप, हल्ला, प्रभार, ताबा, जबाबदारी... 'शुल्क' घातलं तर वाक्य वाचून मलाच हसू येतंय. कृपया एकच नेमका शब्द सांगा. 'मराठीतही चार्जच म्हणतात' हे सांगायला येऊ नका, तिथे ते चालणार नाही.

मीटरवाला
आकार. डोळे झाकून घाला. महावितरणचं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. त्याच बिलात 'वीज शुल्क' वेगळं लिहिलेलं असतं, ते सरकारकडे जातं. म्हणजे कंपनी घेते तो आकार आणि सरकार घेतं ते शुल्क. मराठी एवढी स्वच्छ आहे, आपणच वापरत नाही.
विषय निघालाच आहे तर, कुलूप लावलेल्या घराला स्थिर आकार का भरायचा हे कुणी समजावेल का?

साय_साखर
पूर्ण वाक्य द्या हो. कशाचं पत्र, कुणाला द्यायचंय?

पॉवरबँक
आधी केबल बदलून बघा. तरी होत नसेल तर फोन बंद करून चार्जिंगच्या खाचेतला कचरा लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. माझ्या फोनमधून खिशातल्या कापसाची वात निघाली होती!

साय_साखर
@पॉवरबँक, धागा उघडून वाचलात का?

पॉवरबँक
शीर्षकात 'चार्ज' आणि 'तातडीने' दिसलं. असो, सल्ला बरोबर आहे.

निवृत्त_तात्या
सरकारी पत्र असेल तर नीट ऐका. हक्काच्या खुर्चीवर रुजू होतात तेव्हा पदभार स्वीकारतात. आपली खुर्ची सांभाळून शेजारच्या टेबलाचं काम ओढावं लागतं तो अतिरिक्त कार्यभार. आणि नेमणूकच निघत नाही, तोवर जो बसतो तो प्रभारी. आमच्याकडे एक गृहस्थ प्रभारी म्हणूनच सेवानिवृत्त झाले. शिवाय चार्ज देता-घेताना कपाटाच्या किल्ल्यांपासून मोडक्या पंख्यापर्यंत यादी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर पेन्शनच्या वेळी तो पंखा आडवा येतो.

घाईगर्दी
तात्या, कुणाची बदली झालेली नाही. बँकेचं पत्र आहे.

मीटरवाला
बँकेचं? मग शुल्क किंवा आकार. संपला विषय.

घाईगर्दी
अहो पैसे मागितलेलेच नाहीत पत्रात! उलट बँक म्हणतेय आमचा चार्ज नाही.

मीटरवाला
मग 'निःशुल्क'.

कोर्टाची_पायरी
बँकेनं फसवणुकीची फिर्याद वगैरे दिली होती का? तसं असेल तर 'आरोप' किंवा 'दोषारोप'. पण एक कृपा करा, वर्तमानपत्रांसारखा घोळ घालू नका. पोलीस तपास संपवून न्यायालयात देतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. त्यानंतर कागदपत्रं बघून न्यायालय आरोप निश्चित करतं, आणि तिथे आरोपी सुटूही शकतो. आरोपपत्र दाखल झालं की लोक 'गुन्हा सिद्ध झाला' म्हणून मोकळे होतात, ते चूक आहे.

घाईगर्दी
कुणावरही खटला नाही!! वडिलांनी शेतावर कर्ज काढलं होतं, ते फिटलं. बँकेनं तसं इंग्रजी पत्र दिलंय. मी केलेलं मराठी असं: 'सदर जमिनीवर बँकेचे कोणतेही शुल्क अस्तित्वात नाही आणि कर्जदाराने निर्माण केलेले शुल्क समाधानी आहे.' शेवटी इंग्रजीत 'सॅटिस्फाइड' आहे.

साय_साखर
शुल्क समाधानी आहे 😂 हे आधीच टाकलं असतंत तर तात्यांचा पंखा वाचला असता.

बांधावरून
दादा, हा शब्द तुमच्या घरातच आहे. सातबारा काढा आणि 'इतर हक्क' या रकान्यात बघा. बँकेचं नाव, रक्कम आणि फेरफार (नोंदीतला बदल) क्रमांक असेल. त्याला बोजा म्हणतात. कर्ज काढलं की बोजा चढतो, फिटलं की उतरवायचा. वाक्य असं करा: 'सदर जमिनीवर बँकेचा कोणताही बोजा शिल्लक नाही. कर्जाची पूर्ण परतफेड झाली असून बोजा कमी करण्यास बँकेची हरकत नाही.' पत्र तलाठ्याला द्यायचंय ना? (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात.)

घाईगर्दी
हो, त्यांनाच. बोजा! वडील रोज म्हणतात 'बोजा उतरवून आण'. मला वाटलं तो बोलीतला शब्द असेल, कागदावर चालणार नाही.

कोर्टाची_पायरी
चालतो, पण काटेकोर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ बघा. कलम ५८ मध्ये गहाण आहे, त्यात मालमत्तेतल्या हितसंबंधाचं हस्तांतरण होतं. कलम १०० मधला चार्ज तसा नाही, तिथे मालमत्ता नुसती रकमेसाठी तारण राहते. कायद्याच्या भाषेत 'भार' म्हणा. बोजा म्हटलं की गहाणही आलं आणि भारही आला.

बांधावरून
वकीलसाहेब, तलाठी कलम १०० विचारत नाही. रकान्यात जो शब्द आहे तोच अर्जात हवा. 'भार' लिहून नेलात तर 'हे काय आणलंत?' म्हणेल.

कोर्टाची_पायरी
उद्या कुणी आव्हान दिलं तर तलाठी येणार आहे का साक्षीला?

बांधावरून
फिटलेल्या कर्जाला आव्हान कोण देतंय?

गिअरबॉक्स
आरटीओत फॉर्म ३५ भरा, दोन प्रती, बँकेचा शिक्का घ्या. नवं आरसी येतं, त्यावरून बँकेचं नाव जातं.

साय_साखर
@गिअरबॉक्स, जमीन आहे, ट्रॅक्टर नाही.

गिअरबॉक्स
ट्रॅक्टरलाही फॉर्म ३५च. वस्तू आपल्याकडे आणि हक्क बँकेचा, त्याला जुन्या माणसांनी 'नजरगहाण' हा सुंदर शब्द दिलाय. सावकाराची नुसती नजर राहते.

शब्दवेडी
अवांतर आहे, पण राहवत नाही. हे सगळे अर्थ एकाच गाडीतून उतरलेत, अगदी शब्दशः! लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. त्यावरून 'करिकारे', म्हणजे गाडीवर माल लादणं. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन 'चार्ज' झाला. कार, कार्गो, कॅरी ही सगळी भावंडं. इटालियनमध्ये तेच 'लादणं' चित्रात आलं, नाक-कान जरा जास्तच लादले की कॅरिकेचर. बंदुकीत दारू भरणं हाही चार्जच. विजेचे प्रयोग करणारे बेंजामिन फ्रँकलिन लेडन जारच्या (वीज साठवायच्या जुन्या बरणीच्या) बाबतीत १७४० च्या दशकातच हा शब्द वापरत होते. जबाबदारी माणसावर लादतात, आरोपही लादतात, किंमत गिऱ्हाइकावर. तेव्हा वकीलसाहेब, 'बोजा' हाच सगळ्यांत मुळाशी जाणारा शब्द आहे.

मीटरवाला
किंमत गिऱ्हाइकावर 'लादतात' हे स्थिर आकाराबाबत शंभर टक्के खरं.

कोर्टाची_पायरी
व्युत्पत्तीवर कायदा चालत नाही, बाई. आणि लाठीचार्जमध्ये काय लादतात?

शब्दवेडी
लाठ्या. 😊 गमतीचं सोडा. घोडदळानं जोर लावून शत्रूवर चालून जाणं हा अर्थ इंग्रजीत जुना आहे, लाठीचार्ज हे त्याचं आपल्याकडचं भावंड. त्याला 'लाठीमार' हा छान शब्द आहेच की. आणि शाळेच्या विज्ञानात विद्युतप्रभार. एकाच इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे प्रत्येक खात्याचा वेगळा शब्द आहे, मग घाईगर्दींना 'एकच नेमका' कुठून मिळणार?

पॉवरबँक
म्हणजे 'फोन प्रभारित केला' म्हणायचं? तात्यांचे प्रभारी साहेबच डोळ्यांसमोर येतात.

साय_साखर
मुद्द्यावर येऊ या. रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला चार्ज काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. बँकेला ठणकावून सांगा.

बांधावरून
ताई, तो आदेश वैयक्तिक कर्जांसाठी आहे, त्यात गृहकर्ज येतं. शेतावरचं कर्ज म्हणजे पीककर्ज असेल तर ५,००० च्या आशेवर राहू नका. घाईगर्दी, कर्ज कशाचं होतं?

घाईगर्दी
विहीर आणि पाइपलाइन.

बांधावरून
म्हणजे शेतीकर्जच. भांडू नका, अर्ज करा. बँकेचा दाखला लावून महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही होतो. फेरफार धरला की हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. अर्जात गट नंबर आणि बोजा चढला तेव्हाचा फेरफार क्रमांक घालायला विसरू नका. खरं तर भाषांतराच्या भानगडीत पडूच नका, शाखेत जाऊन मराठी दाखला मागा.

घाईगर्दी
शाखा सोमवारी उघडेल, तलाठी उद्याच भेटणार आहेत. आता सातबारा काढला. बँकेच्या खाली अजून एक ओळ आहे: विकास सोसायटीचं नाव आणि पुढे 'इकरार'. हाही चार्जच का? पत्रात याचा उल्लेख नाही.

कोर्टाची_पायरी
हो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ४८. सभासद कर्जासाठी जमिनीवर भार ठेवल्याचं जाहीर करतो, तो इकरार. हा पूर्ण वेगळा बोजा आहे, बँकेच्या पत्रानं तो उतरत नाही.

बांधावरून
इथे वकीलसाहेबांशी सहमत, काय योग आहे! इकरार कुणाच्या नावे आहे?

घाईगर्दी
आजोबांच्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

निवृत्त_तात्या
सोसायटीच्या सचिवांना गाठा, आजोबांचं खातं काढायला लावा. बाकी काही निघालं नाही तर बेबाकी दाखला घ्या आणि दोन्ही बोजे एकाच खेपेला काढायला सांगा. आणि दाखल्यावर जावक क्रमांक आहे का बघा!